घाटातलं गाऱ्हाणं

गुरुवार, ९ जानेवारी १९५८. कणकवली.

सुखरूप पोचलो, पण हसू अजून आवरत नाही. कोल्हापूरहून येताना फोंड्याचा घाट लागला आणि वळणावर देवाची घुमटी आली. सगळ्या मोटारीने हात जोडले, मीही डोळे मिटले. तेवढ्यात शेजारून आते कडाडली, "अरे मेल्या, हात खंय तुझे?"

बघते तर ड्रायव्हरही डोळे मिटून, दोन्ही हात जोडून बसलेला! घाईने चाक धरत म्हणाला, "काकी, देवाक नमस्कार नको?"

"हात जोडूक आमी गाडीभर माणसां आसंव. चाक धरूक तूच एकलो!"

एवढ्यावर थांबेल तर ती आते कसली. तिथल्या तिथे गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्येचे हात चाकार रवांदे, डोळे रस्त्यार रवांदे!"

"होय म्हाराजा!" सगळी मोटार ओरडली. सगळ्यांत मोठ्याने ड्रायव्हर.

पुढच्या घुमटीला त्याने नुसती मान लववली. घाट उतरल्यावर मात्र गाडी उभी केली, खाली उतरला आणि घाटाकडे तोंड करून मनसोक्त हात जोडले. कोणीही घाई केली नाही.

पण एक कोडं राहिलंच. आम्ही सगळे डोळे मिटून होतो, मग आतेला दिसलं कसं? एरवी देवापुढून हलत नाही ती! आत्ता तुळशीपाशी विचारलं. वात पुढे सारत म्हणाली, "अगो, घाटात मी डोळे मिटणंय नाय. नमस्कार हयसर तुळशीकडे करतंय. पयलां पोचाक होया मां!"

आणि मग कुठे तिने डोळे मिटले.