कारणाचा रकाना

प्रिय अण्णा,

अर्ज मी तुमच्या हातातून ओढून घेतला तेव्हा त्याचा कोपरा फाटला. फाटलेला तुकडा तुमच्या बोटांत राहिला. तुम्ही तो ताटाच्या कडेला, लिंबाच्या सालीशेजारी ठेवलात, हात धुतलेत आणि आत जाऊन आडवे झालात. आता तीन वाजलेत. तुमचं कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे फ्रिजवर आहे. तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलं की खाली घरमालकीण गोजराबाईंपासून पुढच्या गोठ्यापर्यंत सगळ्या घोटावड्याला ऐकू जातं. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. आरोहीची बस साडेचारला येते. तोवर लिहून होईल.

अर्ज तुम्ही वाचलातच. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून. नाव, जन्मतारीख, इयत्ता चौथी, सगळं भरलेलं आहे. ‘शाळा सोडण्याचे कारण’ एवढा एकच रकाना कोरा आहे. पहिल्या अर्जात मी ‘घरी शिकवणार’ असं लिहिलं होतं. शाळेतल्या क्लार्कने ते खोडलं. हे कारण होऊ शकत नाही म्हणाला. मॅडम, बदली लिहा, सगळे बदलीच लिहितात. आणि कोरा अर्ज हातात दिला. आमची कुठेही बदली झालेली नाही. उद्या शेवटची तारीख आहे. आणि आज जेवताना तुम्ही म्हणालात की उद्या तुम्ही स्वतः शाळेत जाल, एक मुख्याध्यापक दुसऱ्या मुख्याध्यापकाशी बोलेल, आणि हा पोरखेळ थांबेल. मग अर्ज उचललात आणि म्हणालात, “मी हजारो दाखले लिहिले. कारण नसलेला एकही नाही. खरं कारण काय ते सांग.” तेव्हा मी तो ओढला.

दिवाळीपासून मी लोकांना उत्तरं देते आहे. मुलीत काही कमी आहे का, हा पहिला प्रश्न असतो. तो कुणी सरळ विचारत नाही, आवाज खाली आणतात. ऑफिसातल्या अपूर्वाने विचारलंही नाही, एका डॉक्टरांचा नंबर पाठवला. ऋषिकेशदादाने नागपूरहून फोन करून सांगितलं की हा गुन्हा आहे, पोलीस येतात. मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, याला सरळ मनाईही नाही आणि सरळ परवानगीही नाही, पण पोलीस काही येत नाहीत. दादाला तसं कळवलं. तो म्हणाला, तरी पण. दहावी मुक्त विद्यालयातून देता येते, हे मी तुम्हाला चार वेळा ओरडून सांगितलं. तुम्हाला ते पटलं नाही, पण गोजराबाईंना पाठ झालं. परवा त्या आपल्या नापास भाचीला फॉर्म कुठे मिळतो ते समजावून सांगत होत्या. नोकरी सोडणार का, हे मला सगळ्यांनी विचारलं. आरोहीच्या बाबाला, दिग्विजयला, एकानेही नाही. त्याचं काम दुपारी दीडला सुरू होतं, सकाळी गणित आणि विज्ञान तो घेणार आहे. मी तीन दिवस घरूनच काम करते. एवढं सांगून झालं की लोक मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात, मग नोकरी कधी सोडतेस.

सगळ्यांत जास्त राग मला ‘मुलांत मिसळणार कशी’ याचा येतो. रोज अडीच तास ती बसमध्ये असते. घोटावड्याहून हिंजवडीच्या गर्दीतून महाळुंग्याला, आणि परत. बसमध्ये बोलायला मनाई आहे, ताई ओरडतात. तासाला बोलायला मनाई आहे. मधली सुट्टी वीस मिनिटांची, त्यात डबा संपवावा लागतो, नाहीतर डायरीत शेरा. यात ती कुणात आणि कधी मिसळते, हे मला कुणीतरी सांगावं. गोजराबाईंनी एकदाच विचारलं होतं. साळंत न्हाई धाडायची, मंग म्हशीमागं लावायची का काय पोरीला? मी नाही म्हणाले. मंग ठीक हाय, म्हणाल्या, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. एवढ्या सगळ्यांत मला त्या सोप्या गेल्या.

तुम्हाला वाटतं मी त्या दुसऱ्या लोकांच्या नादी लागले. त्यांच्याकडेही जाऊन आले. हिंजवडीला एका टॉवरच्या क्लबहाउसमध्ये घरी शिकवणारे पालक महिन्यातून एकदा जमतात. एक आई म्हणाल्या, मुलांना काही शिकवावंच लागत नाही, भाजी चिरताना त्यांना अपूर्णांक आपोआप येतात. आरोही चार वर्षं माझ्याबरोबर भाजी चिरते. तिला भाजी चिरता येते. एक गृहस्थ म्हणाले, त्यांच्या मुलाने आठ वर्षांत ‘नाही’ हा शब्द ऐकलेला नाही. तो मुलगा तेव्हा माझ्या पर्समधल्या वस्तू एकेक करून बाहेर काढत होता. तिथे कुणालाच कसली शंका नव्हती. मी चहा न घेता निघाले.

मग दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आठ दिवस करून बघायचं ठरवलं. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही हसला असतात आणि तुमचं बरोबर ठरलं असतं. मी फळा आणला. वेळापत्रक केलं, पस्तीस मिनिटांचे सहा तास. सकाळी साडेसातला प्रार्थना. त्यानंतर अण्णा, मी हजेरी घेतली. वर्गात एकच मुलगी, तीही माझ्यासमोर बसलेली, आणि मी वहीत बघून तिचं पूर्ण नाव पुकारलं. ती उभी राहून ‘हजर’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, आई, मधली सुट्टी तू देणार की वाजणार? मी फोनवर बेल लावली. दिग्विजय ऑफिसला जाताना दारातून म्हणाला की मुख्याध्यापकबाईंना नमस्कार सांग. मला ते लागलं. चौथ्या दिवशी मी फळा पलंगाखाली सरकवला. का, ते पुढे लिहिते.

तुम्ही शुक्रवारी लातूरच्या बसमधून उतरलात तेव्हापासून आपण वाद घालतो आहोत. मी अनुभवातून शिक्षण म्हणाले, तुम्ही म्हणालात अनुभव सुट्टीत घेता येतो. मी म्हणाले मुलाच्या गतीने शिकणं. तुम्ही म्हणालात, जगाची गती कोण बदलणार. मी मातृभाषा म्हणाले, मग मराठी शाळेत घाल म्हणालात. प्रत्येक वाद तुम्ही जिंकलात. खरं तर ती माझी कारणंच नव्हती. लोकांना खरं कारण सांगितलं की ते फार लहान वाटतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून मी मोठी मोठी कारणं देत गेले.

कारण असं. जुलैमध्ये आरोहीला लघवीचा संसर्ग झाला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी पिते का. मी एक लिटरची बाटली आणली, बाजूला खुणा असलेली, कोणत्या वेळेला कुठवर प्यायचं त्याच्या. बाटली रोज रिकामी घरी यायला लागली. मी शाबासकी दिली. ऑगस्टमध्ये पुन्हा संसर्ग झाला, सप्टेंबरमध्ये पुन्हा. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मी गोजराबाईंकडे कढीपत्ता मागायला गेले. जिन्याशेजारी त्यांचं झाड आहे, तुम्ही पाहिलंत. एवढा फोफावला कसा, असं मी सहज म्हणाले. त्या म्हणाल्या, “तुज्या पोरीनं फोफावलाय. बसमधनं उतरली की बाटली त्याच्या बुडात वतती, आन् मंग माज्याकडं येऊन दोन तांबे पानी पिती. मला वाटलं तुला ठावं हाय.”

मी आरोहीला रागावले नाही. विचारलं. तिने हिशोब सांगितला. तासाला बाहेर सोडत नाहीत. मधल्या सुट्टीत बाथरूमला रांग असते, चारपैकी दोन दारांना कडी नाही. शाळा सुरू झाली तेव्हा एकदा विचारलं तर बाई म्हणाल्या, आत्ताच तर सुट्टी झाली. वर्ग हसला. म्हणून ती सकाळी सातपासून दुपारी साडेचारपर्यंत पाणी पीत नाही. जमतं, म्हणाली. सवय होते. नऊ वर्षांची मुलगी, अण्णा. मी शाळेत गेले. दोनदा. सुपरवायझरबाई चांगल्या आहेत, त्यांनी ऐकून घेतलं, कड्या बसवू म्हणाल्या आणि बसवल्याही. पण तासाला एकीला सोडलं तर सगळ्या जातील, तो नियम आहे, आणि बाकी मुलींना जमतं. दुसरी शाळा पाहिली. तिथला नियम छापलेला होता. घरी आल्यावर दिग्विजयला सांगितलं. तो म्हणाला, घरी ठेवू. एवढ्या कारणासाठी शाळा सोडवतात का, असं त्याच्या आईने विचारलं, आणि मी त्या दिवसापासून अनुभवातून शिक्षण म्हणायला लागले.

तुम्हालाही मी हे सांगितलं नाही. इतर सगळ्यांना सांगून बघितलं, तुम्हाला नाही. मी चौथीत होते, तुमच्याच वर्गात. शाळेत तुम्हाला सर म्हणायचं होतं. मधल्या सुट्टीनंतर गणिताचा तास. मी हात वर केला. तुम्ही विचारलंत, उत्तर येतं का. मी म्हणाले, नाही सर, बाहेर जायचंय. तुम्ही म्हणालात, सुट्टी होऊन पंधरा मिनिटं झाली, बस. मी बसले. पुढे काय झालं ते तुम्हाला आठवत असेल किंवा नसेल. बेचाळीस मुलं होती. तुम्ही मला कोपऱ्यातलं फडकं आणायला सांगितलंत. बाक पुसायला सांगितलंत, मग फरशी. दुसऱ्या कुणाला जे सांगितलं असतं तेच, शब्दाने कमी नाही की जास्त नाही. मुलगी म्हणून मास्तरांनी सूट दिली नाही, असं गावात अजून कौतुकाने सांगतात. शाळा सुटेपर्यंत मी त्याच फ्रॉकवर बसले. आईने तो धुतला आणि मागच्या दारी वाळत घातला, पुढे नाही. जेवताना तुम्ही मला सतराचा पाढा विचारलात. मी म्हटला. त्यानंतर सातवीपर्यंत मी शाळेत पाणी प्यायले नाही. आई गेली, तिलाही हे माहीत नव्हतं. दिवाळीच्या त्या चौथ्या दिवशी, पलंगाखाली फळा सरकवला त्या दिवशी, आरोहीने इथे या खोलीत, स्वतःच्या घरात, बाथरूमला जायला हात वर केला. आणि मी म्हणाले, एवढं गणित पुरं कर आणि जा. तिने मान खाली घातली आणि गणित करायला लागली. मला दहावीची भीती वाटत नाही, मुलांत मिसळण्याची नाही, कायद्याची नाही. घरी ठेवली तर तिला मी शिकवणार, आणि मी तुमची विद्यार्थिनी आहे. याची वाटते. तरी मी तिला काढणार आहे, कारण घरी मला कुणीतरी थांबवू शकतं. शाळेतल्या नियमाला कुणी थांबवत नाही. तुम्ही शिक्षकांना सांगायचात, जे कागदावर नाही ते झालेलं नाही. म्हणून हे कागदावर लिहिलं. त्यासाठीच लिहिलं. माफी नको आहे. हे पत्र आणि अर्ज तुमच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवते आहे. उद्या शाळेत जायचंच असेल तर वाचून जा.

बस आली. गोजराबाई खाली तांब्या घासताहेत.

तुमचीच,
स्वरदा

ता. क. बुधवार. हे तुम्हाला माहीत आहे, तरी कागदावर असावं. सकाळी पत्र डबीखालीच होतं, पण घडी बदललेली. अर्जाच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली होती आणि कारणाच्या रकान्यात तुमच्या अक्षरात एक ओळ होती: मुलीला शाळेत पाणी पिता येत नाही. साडेनऊला आपण दोघं शाळेत गेलो. क्लार्कने ओळ दोनदा वाचली आणि तुम्हाला म्हणाला, गुरुजी, बदली लिहिलं तर बरं पडेल. यंत्र तुमच्या कानात होतं. तुम्ही ऐकू न आल्यासारखे त्याच्याकडे बघत राहिलात. त्याने शिक्का मारला आणि पोच दिली.