बंदुकांची टोपडी

३ मार्च
आजपासून रोजनिशी नियमित. गेल्या वर्षीची जानेवारीतच बंद पडली, पण ती वही वाईट होती.

वीस तारखेला तपासणी. मोठे साहेब स्वतः येणार. शस्त्रागाराचा प्रमुख म्हणून निश्चय केला की खालच्या खोलीतली एकूण एक रायफल स्वतःच्या हाताने मोजायची. उद्या सकाळीच सुरुवात. मिस्त्रीला तसं सांगितलं. रायफलींची दुरुस्ती, देखभाल सगळी त्याच्याकडे. तो म्हणाला, साहेब, त्या पायऱ्या तुमच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत, मी आहे ना. लाख माणूस. नियमाने खालच्या दाराला दोन कुलपं, एक किल्ली माझी, एक त्याची, दोघं असल्याशिवाय दार उघडायचं नाही. पण दर वेळी मी कशाला खाली उतरू, म्हणून माझी किल्लीही त्याच्याच जुडग्यात घालून दिली आहे. एका जागी असल्या की हरवत नाहीत.

५ मार्च
मोजणी राहिली. सर्दी.

आनंदाची गोष्ट म्हणजे तेलाचे दोन डबे शिल्लक. दर वर्षी या सुमाराला खडखडाट असतो. पूर्वी मिस्त्रीने वर आणून दिलेल्या रायफली पुसता पुसता हाताखालच्या पोरांना संध्याकाळ व्हायची, हल्ली जेवणाच्या सुट्टीआधीच मोकळी होतात. याला म्हणतात मॅनेजमेंट. वर कळवावं म्हणतो. प्रशस्तिपत्र मिळालं तर प्रमोशनला बरं.

७ मार्च
आज टोपड्यांचं काम. नळीत धूळ जाऊ नये म्हणून रायफलीच्या तोंडाला कापडी टोपडं बांधायचं, ही कल्पना माझी. गेल्या वर्षी बाहेरच्या खोलीतला पोपटांचा पडदा फाडून हिने ती शिवली. आमचा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा लाजून तासभर त्या पोपटांकडेच बघत बसला होता. यंदा नवी किती लागतील म्हणून मिस्त्रीला विचारलं, तर म्हणाला, जुन्यातलीच उरलीत. हिने मशीनवरचं कापड बाजूला ठेवलं आणि विचारलं, टोपडी उरली की बंदुका कमी झाल्या? मी म्हटलं, तू आपली शिवणापुरतं बघ. नंतर वाटलं, जरा जोरात बोललो.

१० मार्च
पेपरात बातमी. डोंगरातल्या टोळीकडे सैन्याच्या रायफली आहेत. कुठल्याशा शस्त्रागारातून गेल्या असाव्यात. काय हा गलथानपणा. असल्या प्रमुखाला भर चौकात उभं केलं पाहिजे. ही म्हणाली, कुंपणच शेत खातं.

संध्याकाळी मुलीचा फोन. जावयाची त्याच डोंगराखालच्या चौकीवर बदली. रडत होती. मी धीर दिला, म्हटलं, आपल्या पोरांच्या हातातही बंदुका आहेतच की. फोन ठेवला. उद्या मोजणी. काहीही झालं तरी.

११ मार्च
लाइट गेले. बॅटरीच्या उजेडात मोजणं नियमात बसत नसावं.

१४ मार्च
उतरलो एकदाचा खाली. मिस्त्रीने दार उघडलं. रॅकमध्ये रायफली एकमेकींपासून चांगल्या लांब लांब उभ्या. म्हणाला, हवा खेळती राहते, गंज धरत नाही. पटलं. मागच्या रांगांवर चादरी. मी एक उचलली. खाली लाकडाची रायफल. नव्या भरतीच्या पोरांना कवायतीला देतात तसली.

मिस्त्रीने चादर परत नीट घातली. मग सावकाश म्हणाला, खऱ्या दुरुस्तीला गेल्यात साहेब, जागा उघडी दिसू नये म्हणून या ठेवल्या. मी शेजारच्या चादरीकडे हात नेला. तो दारात उभा होता, जुडगं हातात, माझ्याकडे बघत. वर जायची वाट त्याच्यामागूनच. हात परत घेतला. गुडघा ठणकत होता. शिवाय लाकडाला तेल लागत नाही, त्यामुळे ते दोन डबे का उरले त्याचाही उलगडा झाला.

वर येताना त्याने माझं कोपर धरलं होतं. अजून तिथे त्याची बोटं लागल्यासारखी वाटतात.

१६ मार्च
झोप नाही. वर कळवावं का? कळवायचं तर आकडा लागतो. आकडा हवा तर मोजायला हवं. मोजल्यावर कमी भरल्या तर कळवावंच लागणार. न मोजता मात्र एकही कमी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही.

मुलीने परत फोन केला. चौकीवर रोज गोळ्या येतात. भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, मला फार भीती वाटते.

२० मार्च
तपासणी उत्तम. साहेबांनी वरची खोली पाहिली. एका रायफलीचं टोपडं काढून बघितलं, पोपट पाहून हसले. मग खालच्या जिन्याच्या तोंडाशी येऊन वाकले. खाली काय, म्हणाले. मिस्त्री म्हणाला, हेच साहेब, जास्त. साहेबांनी पायऱ्यांकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चहा कुठे आहे विचारलं.

तेलाच्या बचतीचा आदर्श इतरांनी घ्यावा, असा त्यांनी शेरा दिला. शर्ट पाठीला चिकटला होता, पण जिंकलो. मोजणी आता सावकाश करता येईल.

२२ मार्च
मिस्त्री आला नाही. त्याच्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले, भांड्याकुंड्यांसकट गेला. कुणी नातेवाईक आजारी असणार. माणूस घरच्यांना जपणारा.

२४ मार्च
जावयाचा फोन. दवाखान्यातून. मांडीत गोळी, हाड वाचलं, जीव वाचला. त्याच्या शेजारी उभा असलेला वाचला नाही.

टोळीतला एकजण सापडला, रायफलीसकट. जावई म्हणाला, बाबा, रायफल फार छान ठेवलेली होती. तेल दिलेली, गंजाचा ठिपका नाही. आणि नळीला दोरीने एक टोपडं लटकत होतं. त्यावर पोपट होता.

ही माझ्या तोंडाकडे बघत होती.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दम लागत होता त्याला. म्हणाला, माझी माणसं अजून तिथेच आहेत बाबा, आज रात्रीही राहणार आहेत. त्यांना सांगायला हवं. अशा अजून किती असतील समोर? अंदाजे तरी सांगा.

मी म्हटलं, मोजून सांगतो.

किल्ल्या मिस्त्रीकडे आहेत.