निळ्या पेन्सिलीच्या खुणा

परदेशीपुरा, इंदूर
१८ ऑक्टोबर १९९३

चि. हृषीकेश,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तूही पुण्यात ठीक असशील असं मी धरून चालते, कारण तू स्वतः काही कळवत नाहीस. मागच्या तीन पत्रांना उत्तर नाही. चौथ्यालाही येणार नाही हे गृहीत धरून लिहिते आहे, म्हणजे तुलाही ओझं नको आणि मलाही.

नवरात्र बसलं. यंदा शेवंतीचे शेंडे खुडायचे राहून गेले, त्यामुळे रोपं नुसती उंच वाढलीत आणि कळ्या मोजक्याच. झेंडू मात्र बेशरमासारखा फुललाय. परवापासून दसऱ्याच्या माळेसाठी फुलं राखून ठेवायला सुरुवात करीन. शेजारची कमल रोज कुंपणावरून विचारते, "भाभी, हृषी आ रहा है ना दिवाळीला?" मी म्हणते, सुट्टीचं बघतोय.

काल भुट्ट्याचा कीस केला. हंगामातले शेवटचे भुट्टे, जरा जून निघाले, दूध जास्त घालून वेळ मारून नेली. बाबांनी ताटली संपवली आणि म्हणाले, "हृषीला आवडतो." एवढंच. वर्षभरात त्यांनी तुझं नाव घेण्याची ही दुसरी वेळ. पहिली सांगत नाही.

माझं लिहिणं अडलं आहे. मालोजीरावांच्या दिवाळी अंकात माझी कादंबरी जायची आहे, छापखान्यात सगळी जुळवून झाली, शेवटची दोन प्रकरणं तेवढी राहिलीत. ते रोज माणूस पाठवतात. तू माझ्या कादंबऱ्यांना हसायचास ते बरोबरच होतं. माझी नायिका वीस वर्षं झाली तरी बावीसचीच आहे, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात तिला एक पत्र येतं. त्या पत्रानं सगळं सुरळीत होतं. वाचनालयातल्या बायका त्या पत्रासाठीच पुस्तक नेतात. यंदा ते पत्र मला लिहिता येत नाही, का ते विचारू नकोस.

पानं झाली की नेहमीप्रमाणे टेबलावर पितळी वजनाखाली ठेवते. बाबा सकाळी चहा घेता घेता ती तपासतात. मिलमध्ये कापडाचा तागा टेबलावरून सरकायचा आणि सुताची तार तुटली असेल तिथे ते निळ्या खडूनं खूण करायचे, तशीच माझ्या पानांवर निळ्या पेन्सिलीनं. खूण नाही म्हणजे माल पास. तू लहानपणी रुसायचास, बाबा आईचेच पेपर तपासतात, माझे नाही म्हणून.

ते अजून रोज साडेसहाला उठतात, डबा घेतात आणि फाटकावर जातात. मिल बंद होऊन दोन वर्षं होतील. मागच्या वर्षी मॅनेजरसाहेबांचं पत्र आलं होतं ना, मिल सुरू होताच बोलावतो म्हणून, त्यावर त्यांची भिस्त आहे. म्हणूनच तू त्यांच्यासाठी राऊ गावच्या कारखान्यात ठरवलेली नोकरी त्यांनी नाकारली. आणि तू म्हणालास, "बाबा, मिल मेली आहे, आणि तुम्ही तिच्या मयताला रोज डबा घेऊन जाता." मागच्या दिवाळीत भाऊबीजेच्या आधीच निघून गेलास.

दोघंही हट्टी. दिवाळीला ये. बाबांशी नाही बोललास तरी चालेल, एका पंगतीला बसलात तरी मला पुरे आहे.

तुझी,
आई

---

इंदूर, २६ ऑक्टोबर १९९३

चि. हृषी,

आशीर्वाद. दसरा झाला. हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे, बाबांच्या हाती देणार नाही. का ते पुढे कळेल, जर मला पुढे लिहिता आलं तर.

आधी दसऱ्याचं सांगते. दरवर्षी आपल्या झेंडूची एक माळ त्यांच्या तपासणीच्या टेबलाला जायची, तुला आठवतं. मिलमधले सगळे आपापल्या यंत्रांची पूजा करायचे. यंदाही त्यांनी दोन हात लांब माळ करून घेतली. मी म्हटलं, टेबल आत, तुम्ही बाहेर, माळ घालणार कशाला? म्हणाले, चौकीदार ओळखीचा आहे.

मीही गेले बरोबर. पंधरावीस जण फाटकावर होते, सगळे धुतलेल्या कपड्यांत. आतून दोन ट्रक निघाले. त्यांत माग होते, कापून तुकडे केलेले. चौकीदार बाबांना म्हणाला, "पंढरी भिया, अंदर अब कुछ नी है. टेबल तो पिछले हफ्ते ही गई." बाबांनी माळ फाटकाच्या सळईला बांधली, गाठ नीट आहे का पाहिली, आणि परत फिरले. वाटेत मला म्हणाले, "नवीन मशीन के लिए जागा करतायत. साहेबांनी लिहिलंय ना तसं."

हृषी, ते पत्र साहेबांनी लिहिलेलं नाही. मी लिहिलं.

लिहून टाकलं एकदाचं. आता बाकीचं सोपं आहे.

मिल बंद झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा जेवेनासे झाले होते. भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी काय करणार? मला आयुष्यात एकच गोष्ट करता येते. मिलचं नाव छापलेले जुने कोरे कागद आपल्याकडे होतेच, बाबांनीच रद्दीत निघालेला गठ्ठा मिलमधल्या मास्तरांना विचारून माझ्या लिखाणासाठी आणला होता. पंधरा वर्षं मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर माणसांची लग्नं लावत आले. त्यातला एक कागद घेतला, कोर्टासमोरच्या टाइपिस्टकडून हिंदीत चार ओळी टाइप करून घेतल्या, आणि मोठ्या पोस्टातून टाकल्या. मिल लवकरच सुरू होईल, आपण दुसरीकडे जाऊ नये, आपल्याशिवाय तपासणीचं टेबल चालणार नाही. कादंबरीत असतं अगदी तसं.

पत्र आलं त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले. दाढी केली. मला माझा फार अभिमान वाटला, हेही लिहून ठेवते.

त्यांनी त्या पत्रावर विश्वास ठेवला. मग दिवाळीत तू नोकरी घेऊन आलास आणि ते पत्र त्यांनी तुझ्यापुढे धरलं. मी तिथेच उभी होते, हातात करंज्यांचं ताट होतं. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तू गेला नसतास. नाही बोलले. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, ते जेवत होते तेवढं मला हवं होतं.

तेल तापलंय. बाजारात गराडूचे कंद लवकर आले यंदा, बाबांना हौस. तेवढे तळून येते आणि मग पुरं करते.

तळून झाले. लिंबू पिळून, वर जीरावन मसाला टाकून दिले. दोनदा मागून घेतले, आज बरे दिसले.

तर आता माझं मागणं. तू त्यांना काही सांगू नकोस. दिवाळीला ये, आणि जमलं तर राऊच्या त्या माणसाला पुन्हा विचार. म्हणावं साहेबांनी वाट बघायला सांगितलं होतं, वर्षभर बघितली, आता पुरे. त्यांचा मान राहील असं काहीतरी. तू इंजिनीअर आहेस, तुला जुळवता येईल. माझ्यावर रागावलास तर ते माझं मी सोसेन, त्यांच्यावरचा राग तेवढा सोड. त्यांचा दोष नव्हता.

पाकीट बंद करून आत्ताच टाकून येते, नाहीतर धीर व्हायचा नाही.

आई

---

इंदूर, १८ नोव्हेंबर १९९३

चि. हृषी,

दिवाळी झाली. तू आला नाहीस, कार्ड आलं. तीन ओळींचं आहे, पाठच झालं मला. "आई, पत्र मिळालं. त्यावर निळ्या पेन्सिलीच्या खुणा कोणी केल्या? 'विश्वास ठेवला' याच्याखाली रेघ आहे आणि समासात 'चूक' असं लिहिलं आहे."

मी किती वेळ ते कार्ड हातात धरून होते कोण जाणे. गराडू तळायला उठले तेव्हा पानं वजनाखाली ठेवली होती. मुद्दाम नाही. लिहिलेली पानं ठेवायची दुसरी जागा माझ्या हाताला माहीतच नाही. आणि वजनाखाली ठेवलेलं तपासायचं, हे त्यांच्या हाताला. परत येऊन पुढचं लिहिलं, मागची पानं पुन्हा पाहिलीच नाहीत. गराडू तळलेले समोर आणून ठेवले, त्यांनी माझ्याकडे बघून पुन्हा मागितले, आणि मी आपली खूश.

दुसऱ्या दिवशी ते शेवंतीच्या वाफ्यात तण काढत होते. मी कार्ड पुढे धरलं. वाचून त्यांनी हात धोतराला पुसले.

"पहिल्या दिवशीच कळलं," म्हणाले. "तो कागद मीच आणलेला. वर जुना फोन नंबर आहे. तसला कागद साहेबांच्या टेबलावर पंधरा वर्षांत नाही."

मी नाव तेवढं पाहिलं होतं. नंबर कोण बघतं? माझी बाजू मागची.

"मग राऊची नोकरी का नाकारलीत? हृषीला का जाऊ दिलंत?"

ते तणाची मुळं झटकत राहिले. "वसुधा, अठ्ठावीस वर्षं झाली तिथे. बंद केली तेव्हा फाटकावर एक कागद डकवला, सगळ्यांचा मिळून एक. माझ्या नावाचा कागद कोणी दिला नाही. तुझ्या पत्रात होतं, आपल्याशिवाय टेबल चालणार नाही. झूठ था. पर किसीने लिखा तो." मग म्हणाले, "राऊवाल्यांनी एवढंच विचारलं होतं, पोती उचलता येतील का."

"आणि रोज फाटकावर जात होता ते?"

"घरी बसलो असतो तर मला कळलंय हे तुला कळलं असतं."

मला रडू नाही आलं, राग आला. खूप आला. एका घरात दोन माणसं वर्षभर एकमेकांना सांभाळत बसली आणि त्यात मुलगा गेला. मी तसं बोललेही. ते म्हणाले, "हो." आणि पुन्हा तण काढायला लागले.

तेव्हापासून ते फाटकावर जात नाहीत. साडेसहाला उठतात, आंघोळ करतात आणि ओट्यावर बसून राहतात. डबा मी भरत नाही, पण तो घासून पुसून ते रोज खुंटीला अडकवतात. फाटकावर जात होते तेव्हा निदान संध्याकाळी परत यायचे. माझी पानंही तपासत नाहीत, कारण पानं नाहीत. कादंबरी मी पत्राशिवाय संपवून दिली. नायिका वाट बघत बसते, कोणी येत नाही. मालोजीरावांनी परस्पर एक पत्र घालून शेवट गोड केला आणि अंक काढला. कमलनं वाचला. तिला फार आवडला.

शेवंती आत्ता कुठे उमलली. खुडली नाही म्हणून एका दांड्यावर एकच फूल, पण मोठं आहे. तुझ्या राऊच्या माणसाला काही विचारू नकोस. ती जागा कधीच भरली असेल. तू बोललास त्यात खोटं काही नव्हतं, तेवढं मनात ठेवून खंतावू नकोस.

शेवटचं सांगते. तू आता इकडे येऊ नकोस. बाबा तुझी वाट बघत नाहीत.

१९ नोव्हेंबर

वरचं शेवटचं वाक्य मी काल मुद्दाम लिहिलं. माझी खोड जाणार नाही. पत्र पितळी वजनाखाली ठेवलं, निळ्या पेन्सिलीला टोक काढून शेजारी ठेवली, आणि आज सकाळी मागच्या दारानं बागेत जाऊन बसले. तासभर बसले. काही काम नव्हतं, वाळकी पानं काढत होते. मला वाटलं होतं, परत जाईन तेव्हा त्या वाक्यासमोर एक शब्द असेल. 'चूक', एवढा एकच शब्द हवा होता, आणि तो त्यांना नीट येतो.

परत आले तेव्हा पानं क्रमानं लावलेली होती. पेन्सिल जागची हललेली होती. म्हणजे वाचलं होतं. ओट्यावर बसले होते, मी चहा दिला, घेतला.

खूण नाही कुठे.

पत्र तसंच पाठवते. तू एकदा उजेडात धरून बघशील का? माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही.

आई