कानपिळीवाला मास्तर

करंजाडे,
पाडव्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप पुतळाआत्येस,

तुझ्या देवजीदादाच्या धाकट्या प्रीतमचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? बाबांनी पाठवलेली शेकायची पिशवी वापरतेस, की पाहुण्यांना दाखवायला कपाटात ठेवलीस? पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण तुझा फोन सध्या मनस्वीच्या हातात असतो, आणि ही गोष्ट तिला कळली तर ती एकतर रडेल नाहीतर मला मारेल, आणि नवरीने लग्नाआधी दोन्ही करू नये. म्हणून हे पत्र गोजराकाकीच्या हाती बंद पाकिटातून पाठवतोय. (काकी, तुम्ही पाकीट उघडलंच असेल तर तुम्हालाही नमस्कार.)

मागे तू विचारलं होतंस की हा पोर कॉलेजात नेमकं शिकतो काय. आत्ये, दोन वर्षं झाली, मलाही पूर्ण कळलेलं नाही. बारावीनंतर मी सायबर कॅफेत तीन परीक्षांचे फॉर्म भरायला गेलो होतो. कॅफेवाल्याने चार भरले. ज्या तीन मी मागितल्या त्यांत आपटलो आणि जी मागितली नव्हती तिच्यात पास झालो. तो हा चार वर्षांचा बीए-बीएड. पुढे प्रवेशाच्या खिडकीवर नवीनच घोळ. शाळेच्या दाखल्यावर आपल्या जुन्या पाड्याचं नाव, आधारवर सेक्टर नंबर. खिडकीतल्या बाईंना वाटलं हे दोन वेगळे प्रीतम आहेत आणि दोघांपैकी खरा कोण ते मीच सांगावं. मी म्हटलं, मॅडम, आम्ही हललो नाही, आमच्या खालचं गाव हललं. हे त्यांना पटायला तिसरी फेरी उजाडली. तोवर बाबांनी नाक्यावर बॅनर लावून टाकला होता : 'भावी मुख्याध्यापक प्रीतमशेठ यांचे हार्दिक अभिनंदन', मी गॉगलमध्ये, आणि खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे की मला शोधावं लागतं. दुसऱ्याच दिवसापासून लोक पोरांच्या अॅडमिशनसाठी आमच्या ओट्यावर बसायला लागले. एक जण जिवंत कोंबडा घेऊन आला. मला तर अजून स्वतःचीच अॅडमिशन मिळाली नव्हती. (कोंबडा परत केला. बाबा म्हणतात केला, आईला त्याबद्दल काही माहीत नाही.)

आता कोर्सचं ऐक. सकाळी मी बाकावर बसतो, तेव्हा मी विद्यार्थी. दुपारी फळ्यापुढे उभा राहतो, तेव्हा मी शिक्षक. आणि त्या वेळी बाकावर बसतात ती माझ्याच वर्गातली दाढी-मिशीवाली मुलं, पाचवीतली असल्याचं नाटक करत. पाच मिनिटांचा पाठ असतो. एकदा फक्त प्रश्न विचारायचे, एकदा फक्त शाबासकी द्यायची, एकदा फक्त खडूने सरळ ओळ लिहायची. शाबासकीच्या दिवशी मी चुकलेल्या उत्तरालाही शाबास म्हटलं, कारण चूक दाखवणं त्या दिवशी अभ्यासक्रमात नव्हतं. आमच्यातली अमरीन तर पाचवीतल्या मुलीचं काम इतकं मनापासून करते की माझ्या पाठात तिने बोट वर करून शू लागली म्हणून सांगितलं आणि मी तिला जाऊ दिलं. ती कँटीनला गेली आणि माझे मार्क कापले गेले. घरी सगळे मला मास्तर म्हणतात, कॉलेजात सगळे पोरगा म्हणतात. बाबा जेवताना रोज विचारतात, "मास्तर झालास तं झालास, पन आपली गारी कोन चालवील?" गाडी म्हणजे रेतीचा डंपर. मी दोन्हीकडे मान हलवतो.

कोर्समध्ये शिरणं एक वेळ सोपं, टिकणं कठीण. हजेरी लागते. आणि आपल्याकडे हळदीचा मोसम सुरू झाला की हजेरी कशी लागणार? चुलतभावाची हळद, मामेबहिणीची हळद, भाडेकरूच्या पोरीची हळद; गेलो नाही तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. आमच्या वैशाली मॅडमनी मला बोलावून विचारलं की तुम्हाला एकूण भावंडं किती. मी मोजायला लागलो तर त्या म्हणाल्या, राहू द्या, बसा. त्यात मी साधा पाहुणाही नाही. ज्या पोरीला सख्खा भाऊ नाही तिच्या नवऱ्याचा कान पिळायला घराघरांतून मलाच बोलावणं येतं, कारण तुझ्या थोरल्या गीतांजलीच्या लग्नात मी जोतीरामभाऊजींचा कान पिळला आणि ते मांडव दणाणेल असे ओरडले, तो व्हिडिओ थेट तळोज्यापर्यंत पोचला. मनस्वीने तर लहानपणीच माझ्याकडून वचन घेतलंय की तिच्या नवऱ्याचा त्याहून जोरात पिळायचा. तिला सख्खा भाऊ नाही आणि मला सख्खी बहीण नाही. त्यामुळे हा मान आमच्या दोघांचा आहे, हे तुला सांगायला नको.

आता मुख्य अपघात. गेल्या महिन्यात आम्हाला खऱ्या शाळेत पाठवलं, खऱ्या पाचवीवर. वर्गात सैफ नावाचा मुलगा आहे. त्याचं घर तळोज्यातलं, अब्बा गोदामात हिशेब बघतात. तीन आठवडे हा मुलगा एक शब्द बोलला नव्हता. प्रश्न विचारला की उभा राहायचा, खिडकीकडे बघायचा आणि आपोआप खाली बसायचा. त्या दिवशी पाठ होता आपल्या परिसरातल्या समारंभांचा. मी विचारलं, तुमच्या घरी लग्नात काय गंमत करतात? आणि सैफने हात वर केला. आत्ये, माझ्या हातातला खडू पडला. तो म्हणाला, "सर, आमच्यात दुल्ह्याचे जोडे लपवतात. मी दीदीच्या लग्नात लपवले. तुमच्यात काय करतात?"

आता मला सांग, असं विचारल्यावर माणूस पुस्तकातलं वाचून दाखवेल? मी त्याला पुढे बोलावलं, शैक्षणिक साधन म्हणून आणलेल्या कागदाच्या मुंडावळ्या त्याच्या कपाळाला बांधल्या, एका मुलीला करवली केलं, आणि कान पिळला. म्हणजे नुसता धरला. पण नवरदेवाने ओरडायचं असतं हे मीच आधी सांगून ठेवलं होतं, आणि तीन आठवड्यांचा गप्प मुलगा तीन आठवड्यांचं साठलेलं सगळं एकदम ओरडला. वर्ग हसून लोळला. त्याच क्षणी दारात वैशाली मॅडम, हातात निरीक्षणाची वही. त्यांना दिसलं ते एवढंच : छात्राध्यापक, विद्यार्थ्याचा कान, आणि किंकाळी.

मग समिती बसली. मुलांना शारीरिक शिक्षा केली तर कोर्समधून नाव कमी होतं, हा नियम योग्यच आहे, मलाही मान्य आहे. मी स्वतः त्याच्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. पण ही शिक्षा नव्हती, हा मान होता, हे समितीला कसं सांगणार? मी सांगितलं. मग समितीतल्या एका सरांनी विचारलं की मान कानाला का देतात. याचं उत्तर मला येईना. (तुला माहीत असेल तर कळव.) सैफच्या अम्मीला बोलावलं, त्या म्हणाल्या, "ओरडला? माझा सैफ? मग त्यांना काढताय कशाला?" यावर समिती अजून गोंधळली. शेवटी मला ठेवलं, पण हमीपत्र लिहून घेतलं. 'मी कोणत्याही शाळेच्या आवारात, कोणत्याही कारणास्तव, कोणाचाही कान पिळणार नाही. तसे आढळल्यास माझा प्रवेश रद्द समजावा.' 'कोणत्याही कारणास्तव' हे मॅडमनी नंतर घातलं, माझं मानाबद्दलचं भाषण ऐकून. मी सही केली.

खरं सांगू आत्ये? नाव कमी होणार म्हटल्यावर मला रडू आलं. मला वाटायचं की सुटलो तर बरं, डंपर तरी सरळ रस्त्याने चालतो. पण दुसऱ्या दिवशी सैफ डब्यातून पेरूची फोड घेऊन आला आणि म्हणाला, "सर, कान पिळला की नवरदेवाने काहीतरी द्यायचं असतं ना?" तेव्हापासून तो बोलायचा थांबलेला नाही, भूगोलाच्या तासालाही नाही. पेरू तुरट होता. मी सगळा खाल्ला आणि ठरवलं की मला हेच करायचंय. फॉर्म कॅफेवाल्याने भरला असेल, पण यापुढचं मी भरणार. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

बाकी सर्व क्षेम. मनस्वीला काही सांगू नकोस. गुडघ्यांना जप.

तुझा,
प्रीतम

ता. क. : तुम्ही मांडव गावच्या शाळेच्या मैदानात घालताय असं बाबांकडून काल कळलं. आत्ये, मैदान म्हणजे आवार का? मी वैशाली मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "वाचून सही केलीत ना?" तेव्हा कसंही करून मांडव हलव. मंदिरापुढे घाल, गच्चीवर घाल, जेट्टीवर घाल, पण शाळेत नको. पत्र लिहायचं कारण एवढंच होतं, वरचं सगळं ओघात आलं.

ता. क. २ : मांडव हलवायला जोतीरामभाऊजींना सांगू नकोस. कारण कळलं तर ते मुद्दाम शाळेतच घालतील.

ता. क. ३ : मॅडमना मी पत्रिका दिली. त्या येतायत. म्हणाल्या, मान कसा देतात ते एकदा बघायचंय. म्हणजे आता शेवटच्या रांगेतून निरीक्षणही होणार.

ता. क. ४ : आज सोमवार, पाकीट चिकटवता चिकटवता पुन्हा उघडलं. मैदानाचा विषय वर्गात निघाला (लग्नाचं आणि सहीचं मीच सांगितलं, पुढचं सैफनेच काढलं). तो म्हणाला, "सर, तुम्ही सही केलीय. मी कुठे केलीय? मी तुमच्या बाजूला उभा राहतो आणि पिळतो." मी मनस्वीला न विचारताच हो म्हणून बसलोय. तेव्हा मांडव आहे तिथेच राहू दे, तिला एक भाऊ वाढला म्हणून सांग, आणि नवरदेवाच्या बुटांवर एक भरवशाचा माणूस बसव.