चिखलात उतरणारच

प्रिय काकी,

काल मुंबईची शाळा आपल्या खाडीकाठच्या शिबिराला आली होती. तू गेल्यानंतरची पहिलीच. दिवस कसा गेला हे सांगायला तुझ्याशिवाय आहे कोण? म्हणून लिहितेय.

आधी त्यांच्या बाईंचा फोन आला. "मुलांना चिखलात उतरवू नका, पालक तक्रार करतात. ओसरीवरच खाडीचे फोटो दाखवा."

मी म्हटलं, "मग कासू गावापर्यंत येता कशाला? फोटो तुमच्या वर्गातही दिसतील!"

त्यांनी फोन ठेवला. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "गेली गो शाळा हातची!" गेली तर गेली. पण दोन दिवसांनी बाईंनीच कळवलं, ज्यांच्या पालकांची हरकत नाही तेवढीच मुलं आणतो. चौदा आली.

तुझ्यावर रागावलेय मी. पेणच्या डॉक्टरांनी उन्हात फिरायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि तू पोरांना घेऊन खाडीच्या बांधावर! विचारलं की, "काय नाय गो, जरा दम लागला." आम्हाला खरं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

माझंही चुकलंच. "काकी, पोरांसमोर जरा शुद्ध बोल," असं एकदा सगळ्यांदेखत म्हणाले. तू दिवसभर गप्प राहिलीस. पोरं कंटाळून बसमध्ये जाऊन बसली. तुझी माफी मागायची राहूनच गेली.

काल एक मुलगी बांधावरच रडत बसली. बाई तिला उचलायला धावल्या. मी आडवी आले. "थांबा. तिचं तिला ठरवू दे."

मग तिच्या शेजारी बसून तुझ्याच बोलीत म्हटलं, "तो निवटा बघ गो. मासा हाय, पन चिखलावर उड्या मारतो."

"मासा? पाण्याबाहेर?"

बूट तिचे तिनेच काढले. गुडघ्यापर्यंत रुतली, किंचाळली आणि हसत सुटली! नंतर वर यायला तयारच होईना.

बाई मात्र शेवटपर्यंत बांधावरच. जाताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही."

नसेल येत! पुढचं शिबिर रोह्याच्या कंपनी कॉलनीतल्या पोरांचं, त्यांच्या पालकांनाही मी कळवून टाकलंय: कपडे मळतील, पाय रुततील, चालत नसेल तर पाठवू नका. काका म्हणतात, एकही येणार नाय. बघू. एकच पोर आलं, तरी त्याचा हात धरून मी खाडीत उतरेन. शब्द देते तुला.

तुझीच पुतणी,
शैला