बाटलीवरच्या बारा खाचा

अण्णा, मी इथे नक्की काय काम करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही होतात तेव्हा मी नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत, अल्फारेटातल्या एका अपार्टमेंटमध्ये घरी बसले होते, आणि दर रविवारी फोनवर तुम्ही विचारायचात, "फार्मसीचं काही बघितलंस का गं?" मी म्हणायचे, बघतेय. खरं तर काम करायची परवानगीच नव्हती, पण हे तुम्हाला सांगितलं असतं तर "मग शिकलीस कशाला" असं तुम्ही म्हणाला नसतात, नुसते गप्प बसला असतात, आणि तुमचं गप्प बसणं मला सोसायचं नाही. शेवटी नोकरी लागली तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती. आज शनिवार आहे, घरात कोणी नाही, चहा झालाय, तेव्हा सांगते.

इथे कामगाराला कामावर इजा झाली की औषधपाण्याचा खर्च मालकाची विमा कंपनी करते. अशा केसेस वर्षानुवर्षं रेंगाळतात. मग कधीतरी दोन्ही बाजूंना वाटतं की आता मिटवू, एकरकमी काय ते देऊन टाकू. पण त्यातला एक हिस्सा पुढच्या उपचारांसाठी बाजूला काढून ठेवावा लागतो, नाही तर उद्या तो भार सरकारच्या आरोग्य योजनेवर येईल. बाजूला काय काय आणि किती काढायचं, त्याचा प्रस्ताव मी बनवते. त्या माणसाचे गेल्या काही वर्षांचे सगळे कागद वाचायचे, कुठली गोळी, दिवसातून किती वेळा, डॉक्टरकडे वर्षातून किती फेऱ्या, आणि हे सगळं तो जगेल तितक्या वर्षांसाठी मांडायचं. मग ते सरकारच्या पोर्टलवर चढवायचं. पोर्टलला खण आहेत, तुमच्या दवाखान्यातल्या कपाटासारखे. संमतीपत्राचा खण वेगळा, डॉक्टरांच्या नोंदींचा वेगळा, औषधांच्या दुकानातल्या यादीचा वेगळा. एखादा जरुरीचा खण रिकामा राहिला तर पोर्टल अडून बसतं. पण खणात जे घातलंय ते खरं आहे का, असं ते विचारत नाही. माणूस डोळ्यांनी न बघता त्याचं उरलेलं आयुष्य मांडायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. तुम्हाला हे काम आवडलं नसतं असं मला बरीच वर्षं वाटायचं.

कारण तुम्ही कागदावर विश्वास ठेवणारे कंपाउंडर नव्हतात. साखर कारखान्याचा तो दवाखाना, त्याची ती एक खिडकी, खिडकीत तुम्ही, अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टावर आयोडीनचे डाग. बाहेर मळीचा वास. तुमचा नियम एकच: जुनी बाटली दाखवल्याशिवाय नवीन औषध मिळणार नाही. लोकांना वाटायचं, बाटल्या वाचवण्यासाठी हा कंजूषपणा चाललाय. तुम्ही बाटली खिडकीच्या उजेडाला धरता, तिरकी करता, बघता. समोर कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीवरचा एक गडी उभा आहे. तुम्ही म्हणता, "डॉक्टरांना काय सांगितलंस? औषध संपलं?" तो म्हणतो, "व्हय की." "मग ही अर्धी कुणाची, माझी?" गडी जमिनीकडे बघतो. तुम्ही रागावत नाही. कागद घेऊन आत डॉक्टरांकडे जाता आणि सांगता की हा औषध घेतच नाहीये, का घेत नाहीये ते विचारा. बाहेर येऊन मला म्हणता, "कागद डॉक्टरांचा असतो बाळ, बाटली माणसाची असते."

शाळा सुटली की माझं काम ठरलेलं होतं. खाचांच्या पट्ट्या. पांढऱ्या कागदाची पट्टी घ्यायची, घडीवर घडी घालायची, कडेला कात्री मारायची आणि उलगडायची. जितके डोस तितक्या खाचा. ती पट्टी तुम्ही खळीने बाटलीला चिकटवायचात, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं की एका वेळी एका खाचेपर्यंतच प्यायचं. चार दिवसांचं औषध, दिवसातून तीनदा, म्हणून बारा खाचा. माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वेट, सो यू वर अ चाइल्ड लेबरर?" मी म्हटलं, हो, आणि पगार म्हणून कधीमधी लिमलेटची गोळी मिळायची.

त्या दिवसाबद्दल मात्र मी तिला सांगितलेलं नाही. मी चौथीत होते, शाळा सकाळची असायची. दवाखान्यात गर्दी होती, बाहेर मैत्रिणी लगोरी मांडून बसल्या होत्या आणि मला हाका मारत होत्या. मी भराभर पट्ट्या कापल्या. तुम्ही खिडकीतून मागे न बघता विचारलंत, "मोजल्यास ना?" मी म्हटलं, "हो अण्णा." आणि पळाले. तासाभराने तुम्ही उरलेल्या पट्ट्या बघितल्यात. बाराच्या ठिकाणी सहाच खाचा होत्या. त्यातली एक पट्टी बॉयलरवरच्या एका माणसाच्या खोकल्याच्या औषधावर चिकटून गेली होती. झोप आणणारं औषध, तेही एका वेळी दुप्पट, आणि त्याला दुपार पाळीला बॉयलरपुढे उभं राहायचं होतं. तुम्ही खिडकी बंद केलीत, सायकल काढलीत आणि त्याच्या गावाकडे निघालात. मी लगोरीचा चेंडू हातात धरून तुम्हाला जाताना बघतेय. ऊन डोक्यावर आहे, तुम्ही टोपी विसरला आहात.

तो वाटेतच भेटला, डबा घेऊन कामावर निघालेला. एकदाच प्यायला होता. तुम्ही त्याला सायकलवर मागे बसवून दवाखान्यात आणलंत, त्या दिवशी कामावर जाऊ दिलं नाहीत, आणि डॉक्टरांना सांगितलंत, "पट्टी माझ्या हातून चुकली." मी दाराआड उभी होते. डॉक्टर तुम्हाला बरंच बोलले. घरी आल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "तुझी एक खाच चुकली तर दुसऱ्याचा दिवस चुकतो." एका बोटानंही मारलं नाहीत. मारलं असतंत तर मी ते विसरून तरी गेले असते.

आता मूळ गोष्टीकडे येते. या वर्षी माझ्याकडे एका माणसाची केस आली. इथून उत्तरेला गालिच्यांचे कारखाने आहेत, तिथे त्याच्या पाठीवर मालाचा भारा कोसळला होता. सहा वर्षं झाली. डोंगरात त्याच्या भावाची एक शेड आहे, तिथे गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतात. त्याला तिथे जाऊन स्टुलावर बसून जमेल तेवढं काम करायचं होतं. पण केस मिटत नव्हती, आणि मिटेपर्यंत प्रत्येक तपासणीला, प्रत्येक गोळीला विमा कंपनीची परवानगी. मागच्या वर्षीच मिटायची, तर तिथे माशी शिंकली. त्याच्या कागदांत दुखण्यावरची एक जड, महागडी गोळी होती. ती मरेपर्यंत चालणार असं मांडलं की आकडा इतका फुगायचा की कंपनी मागे सरकायची. फाइल माझ्याकडे आली तेव्हा बहुधा ही शेवटची खटपट होती.

मी सगळं मांडलं. सगळे खण भरले. आमच्या ऑफिसची एक यादी असते, पोर्टलवर पाठवण्याआधी भरायची. त्यात एक चौकट: सध्याची औषधं पडताळली. मी कागद बघितले, डॉक्टरच्या प्रत्येक नोंदीत ती गोळी "चालू", दुकानाच्या यादीत ती दर महिन्याला टपालाने रवाना. मी खूण केली. शुक्रवारची दुपार होती. सबमिटच्या बटणावर बोट ठेवण्याआधी सहज पुन्हा एकदा नोंदी खालून वर चाळल्या, आणि एक वाक्य खुपलं: "पत्नी सोबत आली आहे." ओळीने अकरा भेटींत हेच वाक्य होतं. आणि समुपदेशकाच्या एका कागदावर लिहिलं होतं की त्याची बायको आदल्या हिवाळ्यात वारली.

म्हणजे डॉक्टरच्या ऑफिसात कोणीतरी जुनी नोंद उचलून नवी तारीख घालत होतं. बायको मेली तरी कागदावर सोबत येत होती. मग गोळीचं काय?

माझ्या टीममध्ये नागपूरचा एक मुलगा आहे, घरून काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "काहून टेन्शन घेता ताई? पोर्टलनं सगळे डॉक्युमेंट्स अ‍ॅक्सेप्ट केले न? सबमिट मारा, वीकेंड एन्जॉय करा बाप्पा. रेकॉर्डमध्ये जे आहे तेच आपण घालतो. आपण काय डिटेक्टिव्ह आहोत?" त्याचं चुकलं नव्हतं. आमची पद्धत तीच आहे. मी त्याला म्हटलं, "मी त्या चौकटीत खूण केलीय रे, आणि मी बघितलेलं नाही." तो म्हणाला, "मग खूण काढा न ताई."

मी खूण काढली. जखमी माणसाशी आम्ही सहसा बोलत नाही, सगळं वकिलांमार्फत. मी त्याच्या वकिलाला गळ घातली, आणि पुढच्या मंगळवारी व्हिडिओवर आम्ही तिघं भेटलो. साठीचा माणूस, मोठे हात, मागे स्वयंपाकघर, सिंकवर एक कप. मी म्हटलं, "घरात असतील त्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडाल का?" वकील हसला. तो माणूस नाही हसला. बुटांचा खोका घेऊन आला आणि एकेक बाटली मांडू लागला. नारिंगी बाटल्या, एकसारख्या. मी म्हटलं, "उजेडाला धरा." त्याने खिडकीकडे वळून एक धरली. भरलेली. दुसरी धरली. भरलेली, सीलही तसंच. त्या जड गोळीच्या बाटल्यांची रांगच लागली, एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"बायको आजारी होती," तो म्हणाला. "तिच्या औषधांच्या वेळा मला सांभाळायच्या होत्या. ही गोळी घेतली की मला दुपार कुठली आणि संध्याकाळ कुठली ते कळायचं नाही. म्हणून सोडली. ती गेली, मग परत घ्यावीशी वाटली नाही." मी विचारलं, डॉक्टरांना का नाही सांगितलंत? तो गव्हाणीवरच्या गड्यासारखा खाली बघायला लागला. "सांगितलं असतं तर कंपनी म्हणाली असती की हा बरा झालाय. पाठ बरी नाहीये, मॅम."

अण्णा, तेव्हा मला रडू आवरेना. कॅमेरा बंद करून पाणी प्यायले. परत आले तेव्हा टेबलाच्या टोकाला एक निराळी छोटी बाटली दिसली. ती रिकामी होती. पायातल्या मुंग्यांवरची साधी गोळी. कंपनीची परवानगी येईना म्हणून तो दुसऱ्याच दवाखान्यातून स्वतःच्या खिशातून आणत होता. माझ्या प्रस्तावात तिचा पत्ताच नव्हता. मी तसंच पाठवलं असतं तर जी गोळी तो घेत नाही तिच्यापायी त्याची केस अडली असती, आणि जी घेतो तिचे पैसे पुढेही मरेपर्यंत त्याच्याच खिशातून गेले असते.

वकिलाने त्याला समजावलं, तो डॉक्टरकडे गेला आणि खरं ते सांगून आला. डॉक्टरने सहीनिशी लिहून दिलं की जड गोळी बंद, ही चालू, आणि पाठ अजून दुखते. विमा कंपनीची बाई मला म्हणाली, "एक काढलीत ते उत्तम. पण दुसरी घालायची गरज होती का?" मी म्हटलं, "बाटली रिकामी होती." तिला काही कळलं नसावं, पण तिने वादही घातला नाही. सगळे कागद पुन्हा खणाखणांत ठेवले, चौकटीत पुन्हा खूण केली, आणि बटण दाबलं.

काही आठवड्यांनी पोर्टलवर उत्तर आलं: मंजूर, जसं मांडलं होतं तसं. परवा वकिलाचा फोन आला. सह्या झाल्या, तो माणूस डोंगरात भावाकडे राहायलाही गेला. त्याने निरोप दिलाय, "त्या बाटल्यावाल्या बाईंना सांगा, आज मी कोणाला न विचारता एक मशीन उघडलं." हे ऐकून मी ऑफिसात एकटीच हसत सुटले. माझं काम तुम्हाला आवडलं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तुमची कात्री माझ्या टेबलावर आहे. फार्मसीच्या कॉलेजला निघाले तेव्हा दवाखान्याच्याच कागदात गुंडाळून तुम्ही दिली होतीत. मुलगी म्हणते, "आई, नवीन घे ना, धिस इज सो रस्टी," आणि त्याच कात्रीने पार्सलं फोडते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, त्यामुळे शेवटचं लिहायला हरकत नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं, पण मी खाचा मोजल्या नव्हत्या. मोजून चुकल्या असत्या तर गोष्ट वेगळी. मी मोजल्याच नव्हत्या. तुम्हाला ते माहीत असावं, असं आता वाटतं. त्यानंतर तुम्ही मला "मोजल्यास ना" असं कधीच विचारलं नाहीत. प्रत्येक पट्टी स्वतः मोजायचात, आणि दुसऱ्या दिवशी कात्री पुन्हा माझ्याच हातात द्यायचात.