गोफण हवा धरत नाही

१३ जानेवारी, मंगळवार. विटा

सकाळी इंजिन चालू करून गेजकडे बघत बसले. काटा चढतो, अर्ध्यावर रेंगाळतो, पुढं सरकत नाही. बंद केलं की भराभर खाली. गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. हवा नाही तर गाडी हलवायची नाही.

निवृत्तीनंतर फ्लॅट घ्या म्हणणारे पुष्कळ होते. आम्ही ही जुनी डिझेल बस घेतली. आत कॉट, शेगडी, पुस्तकांची कपाटं, टपावर कर्णे, अंगावर नाव, ‘गोफण’. गाव येतं, मी पायरीवर उभी राहते, बायांच्या हक्काचं बोलते. पुढचं गाव.

यजमान म्हणाले, “थंडीनं झालं असंल.” फौजेत सुभेदार होते, घरातही आम्ही त्यांना सुभेदारच म्हणतो. हिमालयात गाड्या हाकलेला माणूस आणि विट्याच्या थंडीला दोष देतो!

२६ तारखेला पाटणच्या वर, घाटातल्या गावात पोचायचंच आहे. संगीतासाठी. नवरा वारला, जमीन ती कसते, आणि दिरानं वारसनोंद अडवून धरली आहे. तलाठी म्हणतो पंच आणा, गावात सही करायला कोणी पुढं येत नाही. ग्रामसभेत ती सगळ्यांसमोर पंच मागणार आहे. गावचा माईक दिराच्या घरात. म्हणून आमचे कर्णे. फोनवर म्हणाली, “ताई, तुमी आलासा तर बोलंन. न्हाईतर माजं त्वांड उघडायचं न्हाई.”

शब्द दिलाय.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ झाला. मग गाडीखाली गेले. साठाव्या वर्षी, लुगड्याचा काचा मारून. शेजारच्या बाया बघायला जमल्या. बघू देत.

हवेच्या टाक्यांच्या तळाचे, पाणी सोडायचे खटके ओढले. हवेबरोबर पाणी आलं. थेंब नव्हेत, धार. पांढुरकं, ताकासारखं. बोटांत चोळलं, तेलकटपणा नाही.

गाडीचं माहितीपुस्तक काढलं. दोन-तीनदा वाचलं. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती आधी ड्रायरमध्ये जाते, तिथं आतले दाणे तिच्यातलं पाणी शोषतात, मग कोरडी हवा टाक्यांत. साठलेलं पाणी ड्रायर खालच्या तोंडानं अधूनमधून बाहेर फेकतो. तेव्हाच तो ‘फुस्स’ आवाज. आणि हे वाचता वाचता लक्षात आलं, हल्ली गोफण फुस्स करत नाही. मला वाटलं होतं शहाणी झाली, भाषणात मध्ये बोलायचं सोडलं.

सुभेदारांना म्हटलं, दोष ड्रायरचा. ते म्हणाले, “हं.” आणि तिळगूळ खात बसले. एरवी वाद घालतात.

१६ जानेवारी, शुक्रवार. विटा

काल तासगावकडे हळदीकुंकू. बसवाल्या बाईंना, म्हणजे मला, बोलावलं होतं. गाडी विट्यातच ठेवून एसटीनं गेलो. विधवांना वाण आधी, मगच इतरांना, अशी अट मी घातली होती. एक म्हातारी सासू फणफणत उठून गेली. दाराशी थबकली, परत आली, विधवा सुनेच्या कपाळाला स्वतः हळद लावली. बाकी सगळं विसरेन, ही बाई विसरणार नाही.

बोलले बरी. पण कर्णे नव्हते. मागच्या बायांपर्यंत आवाज गेला नाही. संगीताच्या गावात असं चालणार नाही.

आज सबंध दिवस साबणाचं पाणी घेऊन नळ्यांच्या सांध्यांवर. एकही बुडबुडा नाही. हवा मात्र कुठूनतरी जाते आहे. पुढच्या चाकामागं कान लावला. तिथंच. ड्रायरच्या तळाशी चिखलाचा मोठा गोळा, आणि त्यातून बारीक सतत सुस्कारा.

“तिकडं नगं हात लावू,” सुभेदार एकदम म्हणाले. “चिखुल हाय.”

चिखलाला मी कधीपासून भ्यायला लागले?

१८ जानेवारी, रविवार. सांगली

उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं, हळूहळू आणली. उतार नाहीत म्हणून जमलं. वाटेत दर थांब्याला टाक्या रिकाम्या केल्या, हवा भरेपर्यंत खोळंबलो.

रफीकभाईंच्या गॅरेजात. त्यांनी आवाज ऐकला आणि निकाल दिला, “कॉम्प्रेसर गेला, ताई. उतरवावा लागतोय.”

“पुरावा?”

“आवं, पुरावा काय? हितं काय कोर्ट हाय व्हय?”

मी म्हटलं, कॉम्प्रेसर तेल सोडत असता तर पाणी काळं, चिकट आलं असतं. हे ताक आहे. मधला ड्रायर काढून ठेवा, कॉम्प्रेसरची नळी सरळ टाकीला जोडा. काटा चढला तर कॉम्प्रेसर निर्दोष. नाही चढला तर मी हरले, तुम्ही म्हणाल ते उतरवा.

पोरं हातातली कामं टाकून आली. जोडलं. सुभेदारांनी चावी फिरवली. काटा चढला. अर्ध्यावर आला, थांबला नाही, सरळ वर गेला. मी टाळी वाजवली नाही. फार मोह झाला होता.

रफीकभाई हसले. “स्टेजवर हरवतासा ते हरवतासा. आता आमच्या पोटावर बी आलासा व्हय?”

“ड्रायर बसवायचं काम तुमचंच आहे की.”

“बसवतो. पर वरचे बोल्ट मीच आवळणार. तुमी आवळलासा तर सात जन्म निघायचं न्हाईत.”

चहा त्यांचा. बिस्किटं माझी.

२० जानेवारी, मंगळवार. सांगली

नवा ड्रायर कोल्हापूरहून आला. जुना बाकावर ठेवून मी स्वतः खरवडला. चिखलाच्या गोळ्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी. पट्टीखाली कापड, घडी घालून, खालच्या तोंडावर आवळून बांधलेलं. काठ ओळखीचा. माझ्या जुन्या इरकलीचा.

तोंड बांधलेलं, पाणी बाहेर पडणार कुठून? दाणे भिजून पीठ झालेले. कापडाचे धागे आतल्या झडपेत अडकलेले, म्हणून ती मिटत नव्हती, म्हणून तो सुस्कारा.

रफीकभाईंनी कापडाकडं बघितलं, मग सुभेदारांकडं, आणि एकाएकी त्यांना फोन करायची आठवण झाली.

“हे कुणी बांधलं?”

सुभेदार बुटाकडं बघत. “वाईला घाटावर तू म्हनलीस, मरेन पर मागं हटनार न्हाई. आन तवाच गाडीनं फुस्स केलं. सगळी सभा हसली. लय हसली. मला न्हाई खपलं.”

“मला सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर तू भाषण दिलं असतंस.”

खरं आहे. दिलं असतं.

ब्रेकशी खेळायचं नसतं हे मी त्यांना आजही ऐकवलं, चांगलं ऐकवलं. घाटात हेच झालं असतं तर? त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग ते कापड मी धुऊन वाळत घातलं. आयुष्यात पुष्कळ हार पडले गळ्यात. पण असं काही…

पुढं लिहवत नाही. नवा ड्रायर बसला. दोन बोल्ट मी आवळले.

२१ जानेवारी, बुधवार

टाक्या धुतल्या, रात्रभर उभी ठेवली. सकाळी काटा होता तिथंच. सांगलीच्या बाहेर रफीकभाईंनी स्वतः चालवून ब्रेक तपासले. काटा भरला, आणि गोफण ठणठणीत बोलली. फुस्स!

सुभेदारांनी माझ्याकडं चोरून बघितलं.

“बोलू दे,” म्हटलं.

२६ जानेवारी, सोमवार. पाटणच्या वर

कालच घाट चढून आलो. सुभेदारांचा पाय ब्रेकवर, माझी नजर काट्यावर. काटा हलला नाही.

झेंडावंदन झालं. ग्रामसभा शाळेपुढं. गाडी कडेला, इंजिन चालू, कारण बॅटरी एकटी कर्णे ओढत नाही. भाषण तयार होतं. दोन रात्री घासलेलं. आधी संगीता बोलणार, मग मी.

माईक हातात घेऊन ती उभी राहिली. आवाज फुटेना. ओठ हलतात, शब्द नाही. दीर गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून उभा, कडक टोपी, हाताची घडी. “बाईला जमीन कशाला पायजे? हितं दोन शब्द बोलता येईनात!” काही माणसं हसली. मी पायरीवरून उतरले, माईक घ्यायला.

तेवढ्यात फुस्स!

बरोबर त्याच्या पायाशी. बेणं असं उडालं की टोपी धुळीत. आधी बाया हसल्या. मग सगळं गाव. संगीताही हसली, पोटातून, तोंडावर पदर न घेता. आणि हसता हसता तिचा आवाज कर्ण्यांतून निघाला:

“भावजी, टोपी उचला. मग पंचांचं बोलू.”

पुढं तिला कोणी थांबवलं नाही. नांगरट कोण करतं, पाण्याची पाळी कोण धरतं, सोसायटीचे हप्ते कोण भरतं, सगळं नावानिशी. शेवटी विचारलं, “सही कोण करतंय?” मग मागून एक म्हातारा फौजी काठी टेकत उठला. “मी करतो, पोरी.” त्याच्यामागं अंगणवाडीची बाई. मग आणखी हात.

माझं भाषण झालंच नाही. कागद घडी करून पिशवीत टाकला. आज मी न बोलता परत आले.

सुभेदार म्हणाले, “गोफण लय भारी बोलली.”

“कोण, गाडी?”

“दोघी बी.”

२९ जानेवारी, गुरुवार. पाटण

वर उठलेला हात म्हणजे सही नव्हे. उद्या तलाठी सह्या घ्यायला गावात येणार. म्हाताऱ्या फौजीकडं काल रात्री दिराची माणसं जाऊन आली म्हणे. संगीता फोनवर म्हणाली, “बसून आल्यात नुसती. चहा प्याल्यात.” आवाज मात्र ठाम होता.

आम्ही खालीच थांबलोय. संगीतानं फोन करून बोलावलं तर परत चढायचं.

सकाळी सुभेदार गाडीखाली गेले, टाकीचा खटका ओढला, तळहात पुढं करून मला दाखवला. कोरडा. मीही हात धरून बघितला. कोरडाच.

फोन अजून वाजलेला नाही. इंजिन गरम करून ठेवलंय.